वीस तारीख आणि सोमवार

खाकी फाईल अजून कपाटात ठेवलेली नाही, टेबलावरच आहे. ती नजरेसमोर आहे तोवर सगळं लिहून काढते. माझ्यावर खोटा गुन्हा दाखल झाला आणि त्याच काळात जीएसटीचे सहा महिन्यांचे रिटर्न थकले, तेव्हा रात्र रात्र मोबाईलवर शोधूनही आपल्या भाषेत, आपल्यासारख्या बाईने लिहिलेलं काही सापडलं नव्हतं. मी वकील नाही, सीए नाही. माझ्या बाबतीत जे झालं तेवढंच सांगते.

नाशिकजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याच्या पेट्यांचा छोटा कारखाना आहे. प्रोप्रायटर मी, उत्पादनाकडे माझे दीर बघतात, आणि सात कामगार. उलाढाल वर्षाला सव्वा कोटीच्या आत. द्राक्षाच्या हंगामात ५ किलोच्या पेट्यांवर आमचं निम्मं वर्ष निघतं.

जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या तालुक्यातल्या एका द्राक्ष व्यापाऱ्याची ऑर्डर आली. त्याने ४,००,००० रुपये आगाऊ आरटीजीएसने पाठवले. आम्ही तीन खेपांत माल दिला. बिलं ३,५४,०००, ४,१३,००० आणि ८८,५०० रुपयांची, म्हणजे करासह एकूण ८,५५,५००. राहिलेले ४,५५,५०० आज देतो, उद्या देतो करत उन्हाळा गेला, पावसाळा आला. ५ ऑगस्टला मी वकिलामार्फत नोटीस पाठवली.

उत्तर आलं ते पोलीस ठाण्यातून. १२ सप्टेंबरला हवालदारांचा फोन आला, "मॅडम, तुमच्याविरुद्ध अर्ज आहे. जबाबाला या." अर्जात लिहिलं होतं की मी ४ लाख आगाऊ घेतले आणि एकही पेटी दिली नाही.

मला रागापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं. कागद आपल्याकडे आहेत, दाखवले की संपलं, असं धरून मी १४ तारखेला भावजींना घेऊन गेले. बिलांच्या झेरॉक्स दिल्या, तोंडी सगळं सांगितलं, चहा घेतला आणि परत आलो. पोहोच घेतली नाही. पुढे त्या झेरॉक्स फाईलला लागल्याच नव्हत्या असं कळलं, आणि मी त्या दिल्या होत्या हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पोलीस ठाण्यात एक कागद द्यायचा असला तरी दोन प्रती न्या. सोबत अर्ज लिहा, त्यात कागदांची यादी द्या आणि आपल्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. आणि पहिल्याच बोलावण्याला वकिलांशी बोलून जा. मला ते भांडण वाढवल्यासारखं वाटलं होतं.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी. कारखान्यात मशीन धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालायचं काम चाललं होतं. ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने फोन करून सांगितलं, "ताई, तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय म्हणतात." महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकली की दाखल झालेले एफआयआर पाहायला मिळतात. लैंगिक गुन्ह्यांसारखे नाजूक गुन्हे तिथे टाकत नाहीत, बाकीचे असतात. ८ ऑक्टोबरच्या यादीत माझं नाव होतं. भारतीय दंड संहिता, कलम ४०६ (विश्वासघात) आणि ४२० (फसवणूक).

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, मग जुनी कलमं कशी, हा प्रश्न मलाही पडला. वकीलसाहेबांनी सांगितलं की व्यवहार जानेवारी-फेब्रुवारीतला आहे, म्हणून कलमं जुन्या संहितेची लागतात. गुन्हा मात्र जुलैनंतर नोंदला, म्हणून तपास आणि जामिनाची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. पुढे प्रत्येक कागदावर दोन्ही कायद्यांची नावं दिसत राहिली आणि नवखा माणूस त्यात हमखास गोंधळतो, म्हणून हे लिहिते. ४२० ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो अजामीनपात्र आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. कोर्ट बंद. ते दोन दिवस गेटचा आवाज झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला सोनं दिलं आणि विचारलं, "हात एवढा गार का गं?"

१४ ऑक्टोबरला, सोमवारी, सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज केला. नव्या संहितेत ते कलम ४८२. बुधवारी, १६ तारखेला, अंतरिम संरक्षण मिळालं : अटक झाल्यास २५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर आणि एका जामीनदारावर सोडावे. वकीलसाहेबांची फी जामिनापुरती ४५,०००. ती दोन हप्त्यांत दिली. जामीनदार म्हणून माझे मामेभाऊ उभे राहिले. त्यांचा सातबारा, आधार आणि तहसीलदारांकडचा ऐपतीचा दाखला लागला. तो दाखला निघायला वेळ जातो, म्हणून अर्ज केला त्याच दिवशी त्याच्या मागे लागा.

त्याच आठवड्यात २० तारीख आली. सप्टेंबरचा जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख. आकडे तयार होते, बँकेत पैसे होते, अर्ध्या तासाचं काम होतं. मी लॅपटॉप उघडला आणि मिटला. सरकारचं म्हणून जे काही होतं त्या सगळ्याची मला धास्ती बसली होती. पोर्टलवर लॉगिन केलं की आपण कुठेतरी सापडू असं वाटायचं. या वाटण्याला काही अर्थ नाही हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तो महिना राहिला. पुढच्याला मागचा अडला, त्याच्या पुढच्याला तो.

२१ ऑक्टोबरला पोलिसांची नोटीस आली, नव्या संहितेच्या कलम ३५(३) ची, कागदपत्रांसह हजर राहा म्हणून. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी अशी नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा ही नोटीस पाहून घाबरून जाऊ नका. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. गैरहजर राहिलात तर मात्र तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध जाते.

या वेळी मी लेखी म्हणणं घेऊन गेले. तारीखवार, चार पानं. पोलीस जबाब लिहून घेतात त्यावर आपली सही नसते आणि त्यात काय उतरलं यावर आपला हात नसतो. लेखी म्हणणं आपलं असतं. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संभाषणाच्या प्रिंट दिल्या. त्यात "दुसरी गाडी पोचली" असा त्या व्यापाऱ्याचा निरोप होता. नुसती प्रिंट चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, पूर्वीचं ६५ब. आणि मूळ फोन जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका. माझी मुलगी नवा फोन घे म्हणून मागे लागली होती. अजून तोच जुना वापरते आहे.

जामिनाची अंतिम सुनावणी दिवाळीच्या सुट्टीमुळे लांबली आणि ५ डिसेंबरला झाली. त्या दिवशी समोरच्या वकिलांनी दोन गोष्टी मांडल्या. एक, ४ लाख कोर्टात भरायला लावावेत. दोन, "ही बाई कराचे रिटर्नही भरत नाही, यावरून हेतू दिसतो." हे बाहेर कळणं अवघड नसतं. जीएसटी क्रमांक टाकला की कोणते रिटर्न कधी भरले हे कोणालाही दिसतं. माझ्या मानेवरून घाम उतरला, कारण फसवणुकीचा आरोप खोटा होता, पण रिटर्नचा खरा.

आमच्या वकिलांनी सांगितलं की जामिनाचा अर्ज ही वसुलीची जागा नव्हे. ऑगस्ट २०२४ मधल्या दिल्ली रेस क्लबच्या निकालाचाही दाखला दिला. एकाच व्यवहाराला फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही म्हणता येत नाही, कारण फसवणुकीत खोटा हेतू पहिल्यापासून असावा लागतो आणि विश्वासघातात माणसावर आधी विश्वासाने काही सोपवलेलं असावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. जामीन कायम झाला. अट : आठ आठवडे दर सोमवारी ११ ते २ पोलीस ठाण्यात हजेरी.

९ डिसेंबर ते २७ जानेवारी, आठ सोमवार. ४२ किलोमीटर. एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे, तो मोठाच आधार झाला. हजेरीच्या वहीत सही केली की मी त्या पानाचा फोटो घेऊ देता का म्हणून विचारायचे. कधी देत, कधी नाही. ज्या दिवशी नाही, त्या दिवशी एसटीचं तिकीट जपून ठेवलं आणि वकीलसाहेबांना तिथूनच मेसेज केला. ठाण्यातल्या बाकावर बसून माणसं काय काय घेऊन येतात ते पाहिलं. एका सोमवारी शेजारी बसलेल्या म्हातारबाबांनी विचारलं, "तुमचं काय हरवलंय?" मला उत्तर देता आलं नाही.

मधल्या काळात मध्यस्थांचे फोन यायचे. दोन लाख द्या, तो तक्रार मागे घेईल, कशाला कोर्टकचेरी. घरातही एकदा यावरून वाद झाला. मी नाही म्हटलं. पैसे परत करणं म्हणजे माल दिलाच नव्हता हे आपल्याच हाताने कबूल करणं झालं असतं, आणि मग ते सात कामगार ज्या रात्री जागले त्या रात्री खोट्या ठरल्या असत्या.

आयकराचंही राहिलं होतं. २०२३-२४ चं विवरणपत्र ३१ जुलै २०२४ ला भरायचं, ते बुडत चाललेल्या येण्याचा हिशेब लावण्यात चुकलं. विलंबित विवरणपत्राची मुदत त्या वर्षी ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारीपर्यंत वाढवून मिळाली. मी १५ जानेवारीलाच भरलं, संध्याकाळी सात वाजता, सीए ताईंच्या ऑफिसात बसून. कर साधारण ३८,०००. त्यावर उशिराचं शुल्क ५,००० (उत्पन्न ५ लाखांच्या आत असतं तर १,०००). २३४ए चं व्याज दरमहा एक टक्का, आणि अर्धा महिनाही पूर्ण धरतात, म्हणून ऑगस्ट ते जानेवारी सहा महिन्यांचे २,२८०. आगाऊ कर भरला नव्हता त्याचे २३४बी आणि २३४सी मिळून ४,१८०. एकूण ११,४६० रुपये वरचे गेले.

विवरणपत्र न भरल्याबद्दल तुरुंग होतो का, हेही मी त्यांना विचारलं. एक खटला डोक्यावर असताना दुसरा दिसायला लागतो. त्यांनी सांगितलं की २७६सीसी हे कलम आहे खरं, पण ते जाणूनबुजून न भरणाऱ्यासाठी आहे, आणि मूल्यांकन वर्ष संपायच्या आत भरलेल्या विवरणपत्राला ते लावत नाहीत. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सलग झोपले.

पण जीएसटी तसाच होता. रिटर्न भरा म्हणून सांगणाऱ्या ३ए च्या नोटिसा ईमेलवर येऊन पडल्या होत्या, मी उघडल्या नव्हत्या. २४ फेब्रुवारीला सप्टेंबरचा एएसएमटी-१३ आदेश आला. रिटर्न भरत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी आपल्या अंदाजाने कर ठरवला, माझ्या खऱ्या आकड्याच्या जवळपास चौपट. दोन महिने ३बी भरला नाही की ई-वे बिलही (मालाच्या गाडीसोबत लागणारा ऑनलाइन कागद) बंद होतं, त्यामुळे लाखाच्या वरचा माल बाहेर काढता येईना. एक जुनं गिऱ्हाईक गेलं. मार्चमध्ये त्या व्यापाऱ्याने पोलिसांत दुसरा अर्ज दिला की माझी फर्मच बोगस आहे. आणि १ एप्रिल २०२५ ला पोर्टलवर आरईजी-१७ आली : सलग सहा महिने रिटर्न नाहीत, नोंदणी रद्द का करू नये? सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्या. नोंदणी तूर्त निलंबित.

सीए ताई मला मोठ्या बहिणीसारख्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझी खरी साक्षीदार ही नोंदणी आहे. ती मेली तर त्या बिलांना कोण विचारणार?"

७ ते ९ एप्रिल आम्ही दोघी बसलो. एका दिवसात होईल वाटलं होतं, झालं नाही. महिने क्रमानेच भरावे लागतात, आणि मागचा ३बी गेल्याशिवाय पुढच्या महिन्याचं २बी (आपल्या खरेदीवरच्या कराचा तक्ता) तयारच होत नाही. ते तयार झालं की मगच खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, ताडून पाहता येते. आमची उलाढाल दीड कोटीच्या आत म्हणून विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, पण एका रिटर्नला जास्तीत जास्त २,०००. पाच महिन्यांचे प्रत्येकी २,००० आणि फेब्रुवारीचे वीस दिवसांचे १,०००, एकूण ११,०००. उलाढाल शून्य असेल तर हे शुल्क बरंच कमी असतं, म्हणून धंदा बंद असला तरी शून्याचं रिटर्न भरत राहा. मूळ कर रोखीने भरायचा होता तो ९६,०००. त्यावर १८ टक्के दराने व्याज साधारण साडेपाच हजार. शुल्क आणि व्याज क्रेडिटमधून वळतं करता येत नाही, रोख खात्यातच पैसे भरावे लागतात. तेवढी रक्कम आधी बाजूला काढा. माझ्याकडे नव्हती. पाटल्या सोनाराकडे ठेवल्या.

सगळे रिटर्न गेल्यावर आरईजी-१८ मध्ये उत्तर दिलं. कारण खरं तेच लिहिलं, गुन्ह्याचा क्रमांकही दिला. १५ एप्रिलला आरईजी-२० आला, कारवाई मागे. एएसएमटी-१३ साठी वेगळं अपील लागलं नाही. आदेशापासून ६० दिवसांत रिटर्न भरलं तर तो आदेश मागे घेतला असंच धरतात. मला हे आधी माहीत असतं तर फेब्रुवारीतच बसले असते. नोटीस न उघडल्याने तिची मुदत थांबत नाही. आणि नोंदणी रद्द झालीच असती तरी ९० दिवसांत आरईजी-२१ चा अर्ज करून ती परत मिळवता येते, तेव्हा तिथवर गेलेल्यांनीही हात टेकू नयेत.

आता गुन्ह्याकडे येते, कारण तो सुटला तो याच कागदांवर. पहिल्या दोन बिलांचे ई-वे बिल होते, गाडीच्या क्रमांकासह. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात लाखाच्या वर ते लागतं. माल घेणाऱ्याने ७२ तासांत ते नाकारलं नाही तर त्याला मान्य आहे असं धरतात, आणि त्याने नाकारलं नव्हतं. तिसरं बिल ८८,५०० चं, त्याला ई-वे बिल नव्हतं. तिथे कामाला आली ती डिलिव्हरी चलनावरची पॅकहाऊसच्या वॉचमनची सही आणि आमच्या टेम्पोवाल्या दादांचा जबाब. दादा तीन वेळा जबाबाला आले. प्रत्येक खेपेला त्यांचा एक दिवसाचा धंदा बुडाला, आणि पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

सगळ्यात मोठी गोष्ट मला स्वतःला बघता येत नव्हती. ती तिन्ही बिलं मी तेव्हाच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, वेळेवर चढवली होती. माल मिळालाच नसेल तर त्या व्यापाऱ्याने त्यावरच्या १,३०,५०० रुपयांच्या कराचं क्रेडिट घेतलेलं नसणार. घेतलं की नाही हे त्याच्या रिटर्नमध्ये दिसणार, आणि ते रिटर्न पोलीस मागवू शकतात. एप्रिलच्या शेवटी मी तपास अधिकाऱ्यांना लेखी विनंती केली, या वेळी पोहोच घेऊन. ते नवीन बदलून आलेले उपनिरीक्षक होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "हे कुणी सुचवलं?" मी म्हटलं, "मी दर महिन्याला हेच भरते, साहेब." त्यांनी पत्र पाठवलं. जूनमध्ये उत्तर आलं. तिन्ही बिलांचं क्रेडिट घेतलेलं होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये पोलिसांनी कोर्टात 'क' समरी सादर केली. आपल्याकडे तपास बंद करताना अ, ब, क असे अहवाल जातात. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही. 'ब' म्हणजे तक्रार द्वेषाने केलेली, खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. मला 'ब' हवी होती. जवळपास वर्षभरानंतर "गैरसमज" हा शब्द वाचून मी वकिलांच्या ऑफिसात रडले. त्यांनी समजावलं की 'ब' साठी भांडत बसलात तर वर्षं जातील. आत्ता नाव मोकळं करून घ्या आणि पैशाची वसुली वेगळी लावा. मी ऐकलं. ते बरोबर होतं असं आज वाटतं, पण तो शब्द अजून टोचतो.

समरी दाखल झाली म्हणजे संपलं असं नाही. कोर्ट तक्रारदाराला नोटीस काढतं, त्याचं ऐकतं. तो दोन तारखांना आला नाही. तिसऱ्या तारखेला येऊन हरकत घेतली. १७ नोव्हेंबर २०२५ ला न्यायदंडाधिकाऱ्यांनी समरी मंजूर केली. पाच मिनिटं लागली. या टप्प्याच्या वकिलांच्या फीचे २०,००० वेगळे.

त्या आदेशाची प्रमाणित नक्कल मात्र लगेच अर्ज करून घ्या. पासपोर्ट, बँकेचं कर्ज, टेंडर, जिथे जिथे "गुन्हा दाखल आहे का" असं विचारतील तिथे तोंडी सांगणं चालत नाही. मी चार प्रती मागितल्या, २८ नोव्हेंबरला हातात पडल्या. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आधीपासून होती, म्हणून ४,५५,५०० च्या वसुलीसाठी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे अर्ज भरला आहे. तिथे ४५ दिवसांच्या पुढे थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. पहिली तारीख अजून लागायची आहे.

नक्कल मिळाली त्या संध्याकाळी टेम्पोवाल्या दादांकडे गेले. ते गाडीखाली होते, तसेच सरपटत बाहेर आले आणि हात पुसत विचारलं, "ताई, परत जबाबाला यायचंय का?" मी म्हटलं, नाही, झालं सगळं. त्यांनी नक्कल वाचायला मागितली. हाताला ऑईल होतं म्हणून मीच धरून ठेवली, आणि त्यांनी ती खालच्या शिक्क्यापर्यंत सावकाश वाचली.